आत्या आणि संमतीचा कागद

सही मागायला येणाऱ्या माणसाला आधी चहा आणि मग चार प्रश्न, असा माझ्या आत्याचा नियम होता. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात ती अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. गावात कोणाकडे सरकारी कागद आला की तो माणूस आधी आत्याच्या ओट्यावर यायचा. ती चष्मा लावायची, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचायची आणि मग म्हणायची, "समजलं का? समजलं असंन तं मार अंगठा." एकदा एक घाईतला कर्मचारी तिला म्हणाला, "बाई, सह्या घ्या फक्त, वाचत कायले बसता?" तर तिनं त्यालाच ओट्यावर बसवून अख्खा कागद वाचायला लावला. त्यानंतर तो बिचारा आमची गल्ली टाळून मागच्या नाल्याकडून जायचा.

माझ्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा आत्या जन्मलीसुद्धा नव्हती. पण घरात अक्षर आलं ते त्यानंतरच, आणि आलेलं अक्षर वाया घालवायचं नाही, हे तिनं फार मनावर घेतलं होतं. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा वारला आणि ती माहेरी परत आली. मूलबाळ नव्हतं. माझी आई दिवसभर शेतात मजुरीला, त्यामुळे मी आत्याच्या अंगणवाडीतच वाढले म्हणा ना. पाटी तिचीच, खिचडी तिचीच आणि धपाटेही तिचेच. तिला जाऊन आता काही वर्षं झाली. तिचं जे काही होतं ते मी होते, हे मी आजही फुशारकीनं सांगते.

तर अशा या बाईला अंडाशयाचा कॅन्सर झाला. नागपूरला ऑपरेशन झालं, किमो झाली, केस गेले, परत आले, आणि केसांच्या मागोमाग आजारही परत आला. पोटात पाणी भरायला लागलं. मी तेव्हा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत कॅन्सरवरच काम करत होते. आता यातली अडचण बघा. साऱ्या गावाचं आणि झाडून सगळ्या नातेवाइकांचं ठाम मत होतं की घरचीच पोरगी कॅन्सरवर औषध शोधतेय, म्हणजे आत्या आता बरी होणार. पी हळद अन् हो गोरी! आमच्या कामाचं औषध व्हायचं असेल तर त्याला अजून किती वर्षं लागतील, याचा मला अंदाज होता. आत्याजवळ किती महिने आहेत, हेही डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आत्या मला काही विचारत नव्हती आणि मी तिला काही सांगत नव्हते.

नागपूरचा तो दवाखाना आमच्या अभ्यासात सामील होता. आत्याच्या पोटातलं पाणी दर काही आठवड्यांनी काढावंच लागायचं. एरवी ते फेकून देतात, पण त्यात गाठीच्या पेशी असतात आणि आम्हाला त्या हव्या होत्या. नातं असल्यामुळे सही मी घ्यायची नव्हती, ती दवाखान्यातल्या एक बाई घेणार होत्या. मात्र त्या संमतीपत्राचं मराठी मीच केलं होतं, आणि त्याची एक प्रत घरी नेऊन निवांत वाचून दाखवायला कोणाची हरकत नव्हती. ती प्रत घेऊन मी डिसेंबरात गावी निघाले. गावी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी आत्याला घेऊन नागपूर गाठायचं होतं.

ती बोंडअळीची वर्षं होती. पुण्याहून ट्रॅव्हल्सनं यवतमाळ, एसटीनं राळेगाव आणि पुढे काळीपिवळी जीप. वाटेत जागोजागी लोकांनी उभ्या कपाशीत जनावरं सोडलेली दिसली. वेचणीला मजूर लावणंही परवडत नव्हतं. काळीपिवळीत कोणी फारसं बोलत नव्हतं, आणि आमच्या भागातली माणसं गप्प बसलेली मला अजिबात आवडत नाहीत.

पहिल्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर आत्या बाजेवर उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "तू करते तरी काय तिथं? लोकं मले पुसतात. मले तं सांग."

मी म्हटलं, "तुला खिचडीचं परिपत्रक यायचं, आठवतं? दहा पानं असायची आणि त्यात कामाच्या पाच ओळी."

"तेवढ्या कापून मी भिताडावर चिकटवत होती."

"पेशी तेच करते, आत्या. जनुकात लांबलचक मजकूर असतो. पेशी त्याची नक्कल काढते, नको ते कापते, हवं ते जोडते आणि त्याबरहुकूम रांधते. कॅन्सरच्या पेशीचं हे कापणं-जोडणं बिघडतं. कधी नको असलेला तुकडा आत राहतो, कधी हवा असलेला गळतो. मग शरीरात कधी शिजलंच नव्हतं असं काहीतरी शिजतं."

"मंग ते समजते कसं?"

मी सांगितलं, की प्रत्येक पेशी आत जे शिजवते त्यातला घासभर दारात मांडून ठेवते, आणि रक्तातल्या राखणदार पेशी फिरत फिरत तो चाखून बघतात.

"चवीची वही," ती पटकन म्हणाली. अंगणवाडीत लेकरांना वाढण्याआधी रोज दोन आयांनी खिचडी चाखायची आणि वहीत सही करायची, अशी पद्धत होती, आणि आत्या ती इमानेइतबारे पाळायची. "मंग ह्या चाखणाऱ्या झोपून राह्यल्या का माह्या पोटात?"

"पुष्कळसे घास ओळखीचे वाटतात म्हणून त्या सोडून देतात. शिवाय कॅन्सर त्यांना गुंगवतो. आम्ही असा घास शोधतो, जो चुकीच्या जोडणीतूनच आलाय, अंगात दुसरीकडे कुठं नाही, आणि एकाच बाईच्या नाही तर बऱ्याच जणींच्या गाठीत सापडतो. तो सापडला तर लस देऊन किंवा दुसऱ्या कुठल्या उपायानं या राखणदारांना शिकवता येईल, की ही चव आपली नाही."

आत्यानं उशी पाठीशी सरकवून घेतली. मग म्हणाली, "चांगल्या घरीबी कधीमधी मीठ दोनदा पडते. तेवढ्यासाठी तिले धरसान का?"

निरोगी पेशीसुद्धा अधूनमधून चुकीचं जोडतात. शिकवलेले राखणदार त्यांच्यावरच सुटले तर माणसाच्या जिवावर बेतायचं. आमच्या कामातली ही सगळ्यात मोठी डोकेदुखी. हा प्रश्न नीट कळायला मला एम.एस्सी.नंतर दोन वर्षं लागली होती, आणि ही बाई पोटात हंडाभर पाणी घेऊन अर्ध्या तासात तिथं पोचली. मी तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "त्यात काय हाय मोठं? रोज रांधणाऱ्या बाईले पुसा, सांगन." अशी होती. तिचं कौतुक करायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे काका हातात चार बोंडं घेऊन ओट्यावर हजर. मी जनुकांचं काम करते, हे गावात कुठून तरी कळलं होतं, आणि जनुक म्हटलं की आमच्याकडे लोकांना आधी जनुक बदललेल्या बीटी कपाशीच्या बियाण्याची पिशवी आठवते. काकांनी माझ्यासमोर एक बोंड फोडलं. आत गुलाबी अळी आरामात पहुडलेली.

"बाई, बीटीले अळी लागत नाही म्हणत होते तुमी लोकं. मंग हे काय व्हय?"

"काका, मी कपाशीचं नाही बघत. माणसाचं बघते."

"जनुक तं जनुकच राह्यते ना बाई. कापसाचं काय अन् माणसाचं काय!"

शास्त्राच्या दृष्टीनं काका बरोबरच होते. दुपारी ते मला धरून शेतावर घेऊन गेले. तिथे आणखी पाच-सहा जण जमले. एका बाईनं मला न उमललेलं, मिटून राहिलेलं फूल दाखवलं आणि विचारलं, याला काय म्हणतात. मला येत नव्हतं. "डोमकळी म्हणते याले. अळी आतून शिवून टाकते. इतकं शिकली अन् डोमकळी मालूम नाही?" सगळे हसले. त्या हंगामात त्यांना हसायला काहीतरी मिळालं, म्हणून मीही हसले. न केलेल्या पापाची बोलणी मी तासन्तास खाल्ली, आणि निघताना त्याच बाईनं माझ्या ओढणीत किलोभर तुरीच्या शेंगा बांधून दिल्या.

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. आत्या बाजेवर बसली होती आणि कागद तिच्या पुढ्यात होता.

"वाच आता. बारीक अक्षर दिसत नाही मले."

मी वाचायला लागले. अभ्यास कशाचा, पाणी किती घेणार, नाव कसं गुप्त राहणार, सगळं नीट वाचलं. आठव्या मुद्द्यात लिहिलं होतं की नमुन्यातल्या पेशी वेगळ्या काढून त्यांचा अभ्यास होईल. नववा मुद्दा एका ओळीचा होता. 'या संशोधनातून तुम्हाला स्वतःला कोणताही उपचार किंवा फायदा मिळणार नाही.' ही ओळ मी पुण्यात, पंख्याखाली बसून लिहिली होती, आणि साधी-सोपी लिहिली म्हणून माझं कौतुकही झालं होतं. आता ती डोळ्यांसमोर होती आणि बाजूला आत्याचे सुजलेले पाय होते. मी आठव्यावरून सरळ दहाव्यावर गेले. 'तुम्ही कधीही या अभ्यासातून माघार घेऊ शकता.' कुठे अडखळलेसुद्धा नाही. वाचून संपवलं आणि पाण्याचा तांब्या उचलला.

"दे इकडं," आत्या म्हणाली. उशीखालून तिनं भिंग काढलं, कागदावर बोट फिरवत नेलं आणि त्या ओळीवर आणून ठेवलं. "दुपारीच वाचलं मी हे. तू लोकाइची बोंडं पाह्यत होती, तवा. दोनदा वाचलं."

मी तांब्या खाली ठेवला.

"तुह्या त्या पेशीनं केलं, तेच तू केलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, चूक दाखवताना असायचा तोच आवाज. "मधातली ओळ काढली अन् दोन्हीकडचं जोडून देल्लं. आयकाले बरोबर लागते. पण कागद खोटा झाला ना, बाई."

मला रडू यायला हवं होतं. आला संताप. "तुला माहीत होतं ना? मग माझ्याकडून वाचून कशाला घेतलंस? माझी परीक्षा बघायला?"

"उद्या नागपूरले ते दवाखान्यातली बाई वाचनच ना," आत्या म्हणाली. "तिच्या तोंडून आयकू का मी हे? तू असतानी?"

मी बाजेच्या कडेला बसले आणि ती ओळ वाचली. निम्म्यावर थांबले. ती म्हणाली, "पुरी कर." मी पुरी केली.

"मंग कोणाले व्हईन याचा फायदा?"

"माहीत नाही, आत्या. नंतरच्या कोणाला तरी. झाला तर."

"झाला तर," ती स्वतःशीच म्हणाली आणि मान हलवली. "बरं हाय. ते पाणी तसंबी फेकाचंच हाय. घे तुले पाह्यजे तेवढं."

मी कागदाची घडी घातली आणि घाईघाईनं पुढचं सांगायला लागले. नमुना बर्फात ठेवून कसा नेतात, पेशी किती तास टिकतात, चुकीच्या जोडण्या कशा मोजतात. मला थांबताच येत नव्हतं. थांबले असते तर घरात एकदम शांत झालं असतं, आणि मला त्याचीच धास्ती होती.

आत्यानं माझ्या हातातून कागद काढून घेतला आणि भिंगाखाली दाबून ठेवला.

"मी बिमार पडली तवापासून तू येते अन् मले कॅन्सर शिकवून जाते," ती म्हणाली. "लय शिकली मी. आता शिकवू नोको. जवळ बस माह्या."