केसरीनाथच्या शेतातला दगड

वडप्याच्या केसरीनाथला काम असं काही उरलं नव्हतं. भाताची जमीन गोडाऊनसाठी भाड्याने दिल्यापासून तो रोज सकाळी पांढरेशुभ्र कपडे घालून गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसे आणि ट्रकांकडे असा बघे, जणू सगळे त्याच्याच परवानगीने आत शिरतायत. शेती होती तेव्हा हा गडी बांधावरही फिरकत नसे. चिखलात राबायची ती त्याची बायको काशी. जमीन काँक्रीटखाली गेली, आणि मग मात्र त्याला त्या शेताबद्दल प्रेमाचं भरतं आलं. "आमच्या शेताच्या भाताचा वास पार पडघ्यापर्यंत जायचा," असं तो वॉचमनला सांगे. वॉचमन परप्रांतातला, त्यामुळे वासाला साक्षीदार कोणी नव्हता.

पण गाव त्याला 'भाडेवाला केसरीनाथ' म्हणे, आणि ते त्याला खरंच लागायचं. वडिलांना लोक त्यांच्या भातावरून ओळखत. आपल्यालाही त्या मातीतल्या कशावरून तरी ओळखावं, एवढीच त्याची इच्छा होती. फक्त त्यासाठी खुर्चीतून उठायची त्याची तयारी नव्हती.

तरी एकदा उठला. गेटच्या चढावर एक करडा दगड पडला होता, कापलेल्या कोबीसारखी वळणावर वळणं असलेला. त्याने तो घरी नेला. काशीने उलटापालटा करून पाहिला आणि सुकट भरलेल्या डब्याच्या झाकणावर ठेवून दिला. "मांजरीसाठी बरा हाय," ती म्हणाली. दगडाचा हा पहिला शास्त्रीय उपयोग.

दुसरा उपयोग नेत्राने शोधला. नेत्रा त्याची भाची, ठाण्याला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकणारी. ती सहज आली आणि डब्यापाशीच अडकली. आपल्याकडचा काळा दगडही कांद्यासारखा थराथरांनी सुटतो, म्हणून आधी तिला शंका आली. तिने भिंग लावलं, मग संडास धुवायच्या ॲसिडचा एक थेंब दगडावर टाकला. दगड फसफसला.

"मामा, हा चुनखडीचा आहे. आणि हे थर बघा, घुमटासारखे वर फुगलेत. हा स्ट्रोमॅटोलाइट असू शकतो!"

"म्हंजे देव का?"

"जीवाश्म. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात बारीक जिवाणूंची साय धरायची. तिच्यावर गाळ, गाळावर परत साय. त्याचा असा दगड झाला. पण नक्की म्हणत नाही हं, कापून तपासायला हवा. कुठे सापडला?"

आता 'गेटवर' एवढंच म्हणायचं होतं. पण कोट्यवधी वर्षं ऐकून केसरीनाथची छाती आधीच फुगली होती.

"आपल्या शेतात," तो म्हणाला. "गोडाऊनचा पाया खोदताना. मीच काढला, या हातांनी."

"पण इथे तर सगळा लाव्हाचा काळा दगड..."

"आपल्या शेताची गोष्टच न्यारी हाय!"

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. नेत्रा तपासणीचं बघते तोवर हायवेला बॅनर लागला: 'अतिप्राचीन जीवाश्माचे संशोधक, वडप्याचे सुपुत्र केसरीनाथ'. त्यात गॉगल लावलेला केसरीनाथ पुरुषभर, आणि दगड कोपऱ्यात लिंबाएवढा. खरा दगड गेटपाशी लाल मखमलीवर, काचेच्या पेटीत बसला. काशीच्या डब्यातली सुकट मांजरीने खाल्ली.

पुढच्या रविवारी नेत्रा परत आली. "मामा, नेमकी जागा दाखवा. दगड कुठून आला ते कळलं नाही, तर त्याचा अर्धा अर्थ गेला." केसरीनाथने हात लांब करून गोडाऊनच्या गुळगुळीत फरशीकडे बोट दाखवलं. मग दुसऱ्या खांबाकडे. मग खुर्ची आणायला वॉचमनला पाठवलं.

तेवढ्यात चढावर एक राजस्थानी ट्रक थांबला. दौलत नावाचा ड्रायव्हर उतरला, चाकामागे लावायला काही सापडतंय का बघू लागला आणि पेटीसमोर थबकला.

"अरे चाचा! ये तो मेरा पत्थर है. पिछले फेरे में पहिये के पीछे लगाया था, यहीं रह गया." मग मखमल बघून तो जरा बिचकला. "इसको काँच में क्यों रखा है?"

नेत्राने मामाकडे पाहिलं. मामाने ट्रककडे पाहिलं.

"कहाँ का है ये?" नेत्राने विचारलं.

"हमारे खेत का. किनारे, मेड़ पर ऐसे ढेर पड़े हैं. घर से निकलता हूँ तो एक उठाकर गाड़ी में रख लेता हूँ. रास्ते में काम भी आता है, और खेत साथ चलता है."

नेत्रा वही काढून त्याच्या गावाचं नाव लिहून घेऊ लागली. तिचा आनंद गगनात मावेना. केसरीनाथची मात्र मान वर होईना. भाचीसमोर खोटं पडल्याचं दुःख तर होतंच, पण त्याहून जास्त त्याला टोचत होतं ते दौलतचं 'खेत साथ चलता है'. त्याने स्वतःच पेटी उघडली आणि दगड दौलतच्या हातात दिला. पुढच्या फेरीला तुमच्यासाठी दुसरा आणतो, असं नेत्राला कबूल करून दौलतने तो चाकामागे लावला.

घरी काशी डबा घासत होती. "दगड गेला न्हवं? आता आपल्या शेतातला तरी एक आणा झाकणावर ठेवायला."

केसरीनाथ लगेच निघाला. गोडाऊनला पूर्ण वळसा घातला, मागची भिंत बघितली, गटार बघितलं. वर काँक्रीट होतं, आणि काँक्रीट संपलं तिथे दुसऱ्याच्या डोंगरातून आणून टाकलेला मुरूम. पांढरे कपडे गुडघ्यापर्यंत मळले, आयुष्यात पहिल्यांदाच.

बऱ्याच वेळाने तो परतला आणि त्याने झाकणावर एक फुटका पेव्हर ब्लॉक ठेवला.