उजवा हातमोजा

स्कूटीला आईने बांधलेली लिंबू-मिरची सोडून त्या लिंबाचं सरबत करून प्यायलेली मुलगी आहे मी. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही ‘आहे’ म्हणायला जीभ रेटत नाही. तरी लिहितेय, कारण हे घरी सांगता येत नाही आणि माझ्या गाइड सरांना तर नाहीच नाही.

राहते जुळे सोलापुरात. पीएचडी इथल्याच एका कॉलेजात, विषय पेरोव्स्काइट सोलर सेल. हे सेल वीज झकास देतात, पण टिकत नाहीत... काळेभोर असतात ते गरमीने चार दिवसांत पिवळे पडतात. एक कारण म्हणजे त्यातला विद्युतभार वाहून नेणारा पातळ सेंद्रिय थर. त्याच्या जागी निकेल ऑक्साइडचा थर दिला तर सेल टिकेल, हा माझा प्रबंध. सहा वर्षं झाली. शेवटची मुदतवाढ चालू आहे, आणि माझे निकेलचे सेलही आठवड्याच्या आत मान टाकत होते.

काम चालतं ग्लव्ह बॉक्समध्ये. म्हणजे नायट्रोजन भरलेली बंद काचेची पेटी. तिला दोन लांब रबरी हातमोजे जोडलेले असतात. हाताला पावडर चोळायची, काखेपर्यंत हात आत घालायचे आणि चिमट्याने काचेचे तुकडे उचलून त्यांवर थर द्यायचे. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात आधीच नंबर कोरलेला असतो.

एप्रिलमधली दुपार, तीनचा सुमार. खोलीत मी एकटीच. सहा काचांपैकी चार नंबरची चिमट्यात धरली आणि उजवा हात कोणीतरी धरला. बाहेरून नाही... हातमोज्याच्या आत. माझ्या बोटांत बोटं अडकवून. उबदार, कोरडा हात. मी ओढलं, हिसडा दिला, पाय पेटीला टेकवून जोर लावला. हलेना. फोन मागच्या टेबलावर. नुसतं पाणी यायला लागलं डोळ्यांतून.

पाचेक मिनिटांनी पकड आपोआप सुटली. पेटीतल्या दाबात बिघाड असेल, मुंग्या आल्या असतील, अशी स्वतःची समजूत घातली आणि उरलेलं काम पुरं केलं. आठवड्याने बाकीच्या पाचही काचा पिवळ्या. चार नंबर काळीभोर. महिन्यानंतरही तशीच! सरांनी विभागात पेढे वाटले.

दुसऱ्यांदा झालं तेव्हा आमचे लॅब अटेंडंट मल्लिनाथमामा कुलूप लावायला आले.

“म्याडम, हात काढा की भायेर. पाच वाजले.”

“निघत नाहीये, मामा.”

त्यांनी दाबाचा काटा पाहिला. बरोबर होता. मग वाकून काचेतून आत पाहिलं.

“मोजा लई फुगलाय की वो. दोघांचं हात घातल्यागत दिसायलंय.”

घाबरून पळाले नाहीत बिचारे. स्टूल ओढून बसले, बाटली माझ्या तोंडाला लावून पाणी पाजलं. वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हातमोजाच नवा बसवला. माझी ज्युनिअर त्याच पेटीत रोज काम करते, तिला कधीच काही नाही.

त्या वेळची काचही टिकली. मग मला शंका आली, आणि ती आली नसती तर बरं झालं असतं. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम निकेल नसलेली, जुन्या सेंद्रिय थराची काच चिमट्यात धरून वाट बघत बसले. धरला. सव्वा तास. मामा शेवटी भिंतीकडे तोंड करून कन्नडमध्ये देवाचं नाव घेत होते.

ती काच आज दोन महिने काळीभोर आहे. म्हणजे निकेलचा काही संबंध नाही. माझा प्रबंध खोटा आहे. ती काच एका डबीत घालून मी कपाटात मागे ढकलली आहे आणि सरांना सांगितलेलं नाही.

पेपर तोवर जर्नलकडे गेला होता. परवा उत्तर आलं: निकाल उत्तम, पण दोन सेलवर निष्कर्ष काढता येत नाही, आणखी दहा करून दाखवा. सर खूश आहेत. “दहाच तर करायचेत,” म्हणाले.

एका पकडीत एकच काच टिकाऊ होते. पाच मिनिटं, वीस मिनिटं, सव्वा तास. चौथ्या वेळी किती, हे मला माहीत नाही, आणि दहाव्या वेळेचा विचार मी करत नाही. खरं बोलले तर सहा वर्षं गेली, नाही बोलले तर हात घालावाच लागणार. तो हात कोणाचा, मलाच का धरतो, काच का टिकते... यातलं काहीही मला आजवर कळलेलं नाही. मला फार भीती वाटते.

मामांनी काल विचारलं, “त्येला काय पायजे, इचारलं का कदी?” मी नाही म्हटलं. उत्तर मिळालं तर काय करू?

आज दुपारी पहिली काच घेतेय. पावडर चोळून झाली आहे. फोन या वेळी जवळ ठेवला आहे, पण हात दोन्ही आत असणार. मामांना एवढंच सांगितलंय, की कुलूप लावायच्या आधी एकदा आत बघा.