अक्कानं सांगितलेलं भूत

दाजींचा फोन आला तेव्हा मी बीदरच्या बसस्टँडवर होतो. "सुलोचना गेली," एवढंच म्हणाले. हैदराबादची बस समोर लागली होती, दवाखान्यात अक्काला भेटायलाच निघालो होतो... बसमध्ये चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. कंडक्टर वैतागला, "अण्णा, एक काय ते ठरवा की!" त्याला आता महिना उलटून गेला, पण मी अजून एका जागी धड बसत नाही.

सुलोचना म्हणजेच अक्का, माझी थोरली बहीण, तेलंगणाच्या सीमेला औरादकडं दिलेली. तिकडं ती तेलुगू अशी शिकली, की सासूशी भांडण तेलुगूत आणि समेट मराठीत. माहेरी दुबलगुंडीला आली की दुपारची भांडी आटोपून आईला तेलुगू सिनेमे दाखवायची आणि शेजारी बसून मराठीत सगळं सांगत जायची. आईला तेलुगूचा गंध नाही. मी मधे तोंड घातलं की अक्का डाफरायची, "गप बस की, लई शाना!"

शेवटच्या खेपेला तिनं पेनड्राइव्हमधून भुताचा सिनेमा आणला होता. त्यात चार गोष्टी, एका गोष्टीतली माणसं दुसरीत जाऊन अडकलेली, आणि चारही गोष्टींत फिरणारी एक मेलेली बाई. ती केस सोडून विहिरीतून वर यायची आणि अक्का शांतपणे सांगायची, "आई, हिला लेकरायची काळजी वाटायलीय. बघून जायाला आलीय." लेकरू किंचाळलं, तर म्हणे, "हरखलंय ते." मला हसू आवरेना. तीन गोष्टी झाल्या आणि लाइट गेली. "चौथी पुढच्या खेपेला," अक्का म्हणाली. पण त्यानंतर ती हैदराबादच्या दवाखान्यात गेली ती गेलीच.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि आईनं भुणभुण लावली, "राहिलेली गोष्ट लाव." मी टाळत राहिलो. कधी टीव्ही बिघडलाय म्हणालो, कधी चप्पल घालून उगाच वेशीपर्यंत जाऊन आलो. नुकतीच लेक गेलेल्या बाईनं, मेलेली बाई माणसं मारताना बघायची? अक्कानं आईच्या मनात एक मायाळू बाई बसवून ठेवली होती. ती माझ्या हातून मोडेल, याचीच मला भीती वाटत होती. सिनेमातल्या भुताची कधी एवढी वाटली नाही.

शेवटी परवा दुपारी सिनेमा लावला. मला तेलुगू येत नाही, आणि आलं असतं तरी काय सांगणार होतो? रिमोट हातात धरून नुसत्या येरझारा घालत राहिलो.

"बस की खाली. कामून फिरायलास?"

"आई, हे... अक्का सांगायची तसं न्हाई बघ."

आईनं पडद्यावरची नजर काढली नाही. "मला डोळे न्हाईत व्हय? भूत कळत न्हाई का मला? पर लेक इतकी मन लावून सांगायलती, म्या कशाला मोडू?"

मी मटकन खाली बसलो. म्हणजे इतकी वर्षं ही सगळं समजून ऐकत होती! मला रडूच फुटलं.

"रडू नगंस. आता तू सांग. पर तिच्यासारखं सांग."

पडद्यावर त्या मेलेल्या बाईनं एका ड्रायव्हरचा गळा दोन्ही हातांनी आवळला होता. मी घसा खाकरला.

"ती... त्याचा मफलर नीट बांधायलीय, आई. थंडी हाय न्हवं."

आई जरा पुढं सरकली.

"मग? जेवला का त्यो?"