पेटीला मारलेल्या एकोणीस पिना

मुग्धाची पेटी मी एकोणीस पिना मारून कामातून घालवली, तेव्हा मी डोळ्यांना सुरक्षेचा चष्मा लावला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर घरात सगळे असं बोलायला लागले, जणू मी काही काळजीच घेतली नव्हती.

यंत्र म्हणजे बिनवायरचं स्टेपलर. आमची बावीस कलमं आहेत आणि दर वर्षी आंब्याच्या पेट्या बंद करताना हातोडी खिळ्यापेक्षा माझ्या अंगठ्यावरच जास्त बसते. (माझ्या डाव्या अंगठ्याचं नख एप्रिल ते जून जांभळं असतं. ओळखीचे लोक ते बघून यंदा आंबा कसा आहे ते ओळखतात.) म्हणून यंदा मोबाइलवरून हे मागवलं. बॅटरी चार्ज करायची, यंत्राचं तोंड पुठ्ठ्यावर टेकवायचं, घोडा दाबायचा, ठक! पिन आरपार.

सोबत मराठीत सूचनांचं पुस्तक होतं. मी तीस वर्षं कचेरीत कागद वाचलेला माणूस, तेव्हा अक्षर न् अक्षर वाचलं. पिन अडकली तर आधी बॅटरी काढावी, मगच चिमट्याने पिन ओढावी. घोड्यावर बोट ठेवून घरभर फिरू नये. तोंडाशी साचलेला भुसा ब्रशने झटकावा. जाडी बघून पिन निवडावी, आणि मारण्याआधी पलीकडे काय आहे याची खात्री करावी. शेवटी लिहिलं होतं, 'यंत्र पाणी, लहान मुले व अननुभवी व्यक्ती यांपासून दूर ठेवावे.' आमच्या हिने, म्हणजे सुनंदाने, 'अननुभवी व्यक्ती'खाली पेन्सिलने रेघ ओढली आणि पुस्तक माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

पहिल्याच दिवशी मी माझा लेंगा पडवीतल्या बाकाला टाचला.

"उठा आता, जेवायचं नाही का?" ही म्हणाली.

"बसतो जरा."

"अर्धा तास तेच ऐकतेय."

"वारा बरा सुटलाय."

ही बाकामागे गेली, वाकून बघितलं आणि आतून चिमटा घेऊन आली. पिन ओढण्याआधी तिने यंत्राची बॅटरी काढली.

त्याच आठवड्यात मुग्धाचा फोन आला. मुग्धा आमची एकुलती एक लेक. नोकरीला बडोद्याला. इथून सरळ गाडी आहे, तरी दोन वर्षं घरी आलेली नाही. कधी सुट्टी मिळत नाही, कधी तिकीट मिळत नाही. रोज मोबाइलवर दिसते, पण त्यातही निम्मा वेळ तिचं कपाळच दिसतं.

"बाबा, या मेमध्येही जमत नाहीये हो," ती म्हणाली. "शेजारचे बापूकाका गाडीने इकडे येतायत ना मुलाकडे? त्यांच्याबरोबर माझी पेटी पाठवाल?"

'जमत नाहीये' ऐकल्यावर माझं पुढच्या शब्दांकडे निम्मंच लक्ष होतं. तरी उसनं अवसान आणून म्हटलं, "एक कशाला? दोन पाठवतो."

"दोन कुठून आणणार? एकच पाठवा. पण नीट बांधा हं, वाटेत आपटली तर संपलंच."

"मला शिकवतेस होय गो?"

आता तुम्हीच सांगा, रत्नागिरीत एप्रिल महिन्यात पेटी म्हटल्यावर माणूस काय समजेल? घरात बाजाची पेटीही होती, हे मान्य. मुग्धा पाचवीत असताना घेतलेली. रोज संध्याकाळी ती माजघरात वाजवत बसायची आणि मी पडवीतून ओरडायचो, "बंद कर ते, बातम्या ऐकू येत नाहीत." ती गेल्यापासून बातम्या स्पष्ट ऐकू येतात. इतक्या स्पष्ट की मी टीव्ही बंद करतो. पण मुग्धाला हवी होती ती तीच पेटी. मागाहून ती आईशी अर्धा तास बोलली, हिला सगळं नीट समजलं, आणि मला सांगायचं मात्र दोघींपैकी कुणालाच सुचलं नाही.

मी इकडे विहिरीजवळच्या कलमाचे चार डझन आंबे अढीत मागच्या बाजूला पेंढ्याखाली लपवून ठेवले. त्या झाडाचा आंबा म्हणजे मुग्धाचा जीव.

गुरुवारी सकाळी ही म्हणाली, "मुग्धाची पेटी भरून ठेवलीय. पडवीत खोका आहे, तेवढा बंद करा. बापू दहाला निघतायत."

मला जरा लागलंच. लेकीचे आंबे बापाने आपल्या हाताने भरायचे असतात. मी खोक्याचं तोंड उघडून बघितलं. वर पेंढा, आणि हापूसचा घमघमाट! (हिने पेंढा अढीतलाच घेतला होता. चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा.) म्हटलं, चला, माझे लपवलेले आंबे हिला सापडले तर. चष्मा लावला, यंत्रात सगळ्यात लांब पिना भरल्या, कारण लेकीच्या खोक्याला आखूड पिना मारायला हात होईना. वरचं तोंड बंद केलं आणि जोर चढला तसा एका बाजूवरही सुरू झालो. ठक, ठक, ठक.

बाजूच्या सातव्या पिनेला खोका कण्हला.

मी थांबलो. वाटलं, मांजर असेल. बाकाखाली बघितलं, नव्हतं. म्हणून आणखी बारा मारल्या. प्रत्येक पिनेला आतून बारीक 'आं' येत होतं, दमेकऱ्यासारखं, आणि मी मनात म्हणत होतो की हे आंबे काही पूर्ण पिकलेले नाहीत.

ही हात पुसत बाहेर आली. "बाजूला कशाला मारताय?"

"वाटेत आंबे बाहेर यायला नकोत."

"आंबे कुठे आहेत त्यात?"

मी यंत्र खाली ठेवलं. आधी बॅटरी काढली, मग ठेवलं. नियम तो नियम.

खोका उघडला. हिने पेटी आपल्या जुन्या साडीत गुंडाळली होती. भात्याची कडी निसटून भाता खोक्याला अगदी चिकटलेला, आणि एकोणीसच्या एकोणीस पिना साडीतून आरपार भात्यात. एका पिनेला दोन पाय. म्हणजे अडतीस भोकं. हिने भाता ओढून बघितला, तर पेटीतून सूर न येता नुसता वारा आला. ही रागावेल म्हणून मी तयार उभा होतो, पण ती पेटीवर हात ठेवून खाली बसून राहिली, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

आता खरं सांगतो. आत बाजाची पेटी बघितली तेव्हा मी हबकलो, तो भोकांमुळे नाही. ती पेटी घरात आहे तोवर पोरगी तिच्यासाठी का होईना, एक दिवस येईल, असं मी धरून चाललो होतो. ती पेटीच निघाली होती आणि मला पत्ताच नव्हता. त्यामुळे अडतीस भोकं बघून मला आतून थोडं बरंही वाटलं. हे हिला अजून सांगितलेलं नाही.

बापू पेटीशिवायच गेले, चार डझन आंबे घेऊन. मी प्रायश्चित्त म्हणून जुन्या रेनकोटचा तुकडा कापला, भात्यावर लावला आणि कडेने यंत्राने...

"मुग्धा," ही फोनवर म्हणाली, "तुझे बाबा पेटी दुरुस्त करतायत."

तिने फोन माझ्याकडे द्यायला सांगितलं.

"बाबा, हातातलं खाली ठेवा. पेटीपासून लांब उभे राहा. मी येतेय."

"कधी?"

"शनिवारी."

दोन वर्षं जे तिकीट मिळत नव्हतं ते दोन दिवसांत मिळालं!

आल्या आल्या ती मला बिलगली आणि लगेच पेटी बघायला गेली. आम्ही तिघं पेटी घेऊन चिपळूणच्या कारागिराकडे गेलो. त्याने भाता उजेडात धरला. "अरेरे. उंदरांनी?"

"नाही," मुग्धा म्हणाली. "बाबांनी."

चार दिवसांनी नवा भाता बसला. संध्याकाळी ती माजघरात वाजवायला बसली. बोटं अडखळत होती, दोनदा चुकली, आणि मी पडवीत टीव्ही बंद करून बसलो. डोळ्यांत पाणी आलं तर दिसू नये म्हणून सुरक्षेचा चष्मा लावला. ही म्हणाली, आता कुठे त्याचा योग्य उपयोग झाला.

निघायच्या दिवशी मी मन घट्ट करून विचारलं, "पेटी नेतेस ना?"

"नको. राहू दे इथेच. मी येईन तेव्हा वाजवीन." मग तिने फडताळातून माझं यंत्र काढलं आणि आपल्या बॅगेत भरलं. "हे मात्र नेते."

तिला गाडीत बसवून आम्ही स्टेशनवरून परत निघालो. घरी जायची घाई दोघांनाही नव्हती. वाटेत एका दुकानाच्या काचेत बिनवायरचं ड्रिल मशीन मांडून ठेवलं होतं. मी गाडी जरा हळू केली.

"पुढे बघून चालवा," ही म्हणाली.

मी पुढचंच बघत होतो. दिवाळी सहा महिन्यांवर होती, आणि घरात भोक पाडण्यासारखं अजून बरंच काही शिल्लक होतं.