शनीसमोर भावाचं नाव

माझा धाकटा भाऊ वसंत माझ्याआधी बढती मिळवून हेड क्लार्क झाला, तेव्हापासून मी त्याच्या घरी जाणं सोडलं. आम्ही दोघंही झाशीला रेल्वेत. आई त्याच्याच क्वार्टरमध्ये राहायची, आणि माझ्या लेखी तोही त्याचाच विजय होता. त्याच्या दारात नवी सायकल दिसली तरी मला जेवण गोड लागत नसे. दोघांची रास एकच, मग साडेसाती मला एकट्यालाच कशी भोवते, या विचारानं मी जळत होतो.

लक्ष्मी ताल नावाच्या तळ्यापलीकडे महादेवाचं फार जुनं देऊळ आहे. गाभाऱ्यात पिंडी, बाहेर मंडपात नवग्रहांच्या झिजलेल्या मूर्ती. एका शनिवारी, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून भर उन्हात, तेलाची बाटली घेऊन गेलो. शनीला तेल वाहून महादेवाजवळ एवढंच मागायचं होतं, की वसंताची घोडदौड आता थांबू दे.

म्हाताऱ्या पुजाऱ्यांनी बाटली परत दिली. "भैया, इतै अपनो तेल अपने हाथ से नईं चढ़त." त्या देवळाची रीतच तशी. तेल घरच्या दुसऱ्या माणसानं वाहायचं, आणि आपल्यासाठी मोठ्यानं मागायचंही त्यानंच. माझं मागणं कोणाच्या तोंडी देण्यासारखं नव्हतं. मी पायरीवर बसून राहिलो. उठणार, तोच वसंत तेलाची वाटी सांभाळत वर आला.

"दादा, तुम्ही स्वतःच आलात? मग माझी रजा फुकट गेली."

"तू कशाला आलास? तुला काय कमी आहे?"

"वहिनी म्हणाल्या, तुम्हाला साडेसातीचा त्रास आहे. तुमच्या नावानं वाहायला आलो."

त्यानं माझं नाव आणि आम्हा दोघांची एकच असलेली रास सांगितली, धार धरली आणि मागितलं, "दादांचं मन निवू दे. आई रोज दाराकडे बघते, ते घरी येऊ देत."

पुजारी माझ्याकडे वळले. "अब तुम इनके लाने चढ़ाओ. रास तो एकई है."

आता त्याच्यासाठी मी वाहायचं होतं. मी बाटली तिरकी केली. वसंत मान खाली घालून उभा होता. त्याचं नाव घेतलं, रास सांगितली आणि नुसती धार धरून राहिलो. तेल संपत आलं.

"बोलो भैया, का माँगत हो?" काय मागायचंय, ते पुजाऱ्यांनी विचारलं.

"याला जे मिळालंय, ते टिकू दे," मी म्हणालो. हे कोणी माझ्याकडून वदवलं, मला सांगता येणार नाही. गाभाऱ्यात जाऊन पिंडीवर डोकं टेकलं तेव्हा मात्र रडू आवरलं नाही.

त्या संध्याकाळी मी वसंताकडे जेवलो. आईनं न विचारता पुन्हा भात वाढला.

बढती मला पुढेही मिळाली नाही. मत्सर कायमचा गेला म्हणालो तर ते खोटं होईल. पण स्वतःसाठी काय मागावं हे मला कधी कळलंच नव्हतं. महादेवानं ते काम माझ्या हातून काढून भावाकडे सोपवलं, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.