बराखीत सांगितलेला शेवट

वहिनीला जाऊन पाच महिने झाले. तिचं फडताळ आवरताना ती कादंबरी हाती आली आणि नारायणगावचं संमेलन आठवलं.

नव्वदच्या दशकात मी मंचरला कॉलेजात होतो. निरगुडसरला आमच्या कांदा साठवायच्या बराखीपुढं पावसाळाभर सात-आठ बाया सडका कांदा वेगळा काढत बसायच्या. वहिनीही त्यांच्यातच. ती दहावी शिकलेली, म्हणून भाकरी खाऊन झाली की अर्धा तास त्यांना पुस्तक वाचून दाखवायची. पुस्तकं मी वाचनालयातून आणून द्यायचो.

त्या वर्षीची कादंबरी सासरी गांजलेल्या एका बाईची होती. ती पहाटे विहिरीवर जाते, काठावर उभी राहते, आणि तिथंच आमची प्रत संपत होती. पुढची पानं फाटलेली.

"भावजी, उद्या काय सांगू वो ह्यांना?"

"पानं नाहीत म्हणून सांग."

"तसं कसं? त्यात जिची लेक सासरहून माघारी आलीया ती बसती. रोज इचारती, पुढं काय झालं."

दुसऱ्या दिवशी वहिनीनं उरलेल्या पानावर नजर ठेवली आणि वाचण्याच्याच सुरात सांगितलं, की ती बाई पाण्याकडं बघत राहिली आणि घरी परतली. मी पोती शिवत होतो. क्षणभर मलाही वाटलं, पानं सापडली.

दोन वर्षांनी नारायणगावला संमेलन भरलं. त्या लेखिकाबाई येणार होत्या. वहिनी नको म्हणाली.

"आगं, तूच वाचून दावलं आन् तूच येत न्हाईस व्हय?" बायांनी तिला जीपमध्ये ओढलंच. उतरल्यावर ती माझ्या कानाशी म्हणाली, "भावजी, आज माझं बिंग फुटतंय."

मी मात्र मांडवात हरखून गेलो होतो. ज्यांची नावं फक्त पुस्तकांवर वाचली होती ती माणसं माझ्यापासून चार हातांवर बशीतून चहा पीत होती. द्राक्षाच्या बागा टाकून आलेले लोक टोपी मांडीवर ठेवून कविता ऐकत होते. एवढी माणसं इतकी गप्प बसलेली मी तोवर पाहिली नव्हती.

वाचकांच्या प्रश्नांची वेळ झाली तेव्हा आमच्यातली तीच बाई, लेक माघारी आलेली, उठली. माईक तिनं ओठालाच लावला.

"बाई, म्या अडाणी हाय. पर तुमची ती इहिरीवरनं माघारी आली, लई ब्येस केलं. माझी लेक जीव देते म्हनायची. तिला म्या रोज तुमचीच गोष्ट सांगितली. आता शिवनाचं मशीन चालवती."

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ हसले. "अहो, पण पुस्तकात तर ती..."

लेखिकाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. वहिनीनं पदर बोटाला घट्ट गुंडाळला होता. मग त्या माईक धरलेल्या माऊलीकडं वळल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "आली ती माघारी."

नंतर त्या खाली आल्या. वाचून कोण दाखवायचं, असं विचारताच साऱ्यांनी वहिनीकडं बोट केलं. बाई तिला पुस्तकांच्या स्टॉलमागं घेऊन गेल्या. मी मागोमाग गेलो.

"पानं नव्हती, बाई," वहिनी म्हणाली. "मनानंच लावलं. चुकलं असंल तर..."

"ती परत का आली?" बाईंनी विचारलं. शाळेतली मुलगी अडलेलं गणित विचारते तसं. "मला काही सुचेना. म्हणून मी तिला विहिरीत जाऊ दिलं."

"गोठ्यात म्हशी रेकत व्हत्या. त्यांना पाणी पाजायचं राहिलं व्हतं ना."

"एवढंच?"

"तेवढंच. मग तिनं घागर भरली आन् आली."

बाईंच्या हातातल्या चहावर साय धरली. त्यांनी स्टॉलवरून स्वतःचंच पुस्तक विकत घेतलं, सहीसाठी पेन उघडलं, तसंच मिटलं आणि पुस्तक वहिनीला दिलं. पुढं मी जन्मभर शाळेत भाषा शिकवली, पण पुस्तक म्हणजे काय हे विचारलं की मला ते मिटलेलं पेन दिसतं.

ती प्रत परवा मी पहिल्यांदा उघडली. शेवटची पानं वहिनीनं गोधडीच्या दोऱ्यानं एकत्र शिवून टाकली आहेत.

तेवढ्यात संमेलनात माईकवर बोललेल्या त्या बाईची लेक भेटायला आली. आता तिचं शिवणाचं दुकान आहे. वहिनीबद्दल बोलत बसलो. पुस्तक ओळखून ती म्हणाली, "हे मी वाचायला नेऊ, काका? आईकडनं निस्तं ऐकलंय."

मला नाही म्हणवेना. तिनं पानं चाळली, शेवटी थांबली.

"हा दोरा कशाला?"

"पानं सुटत होती," मी म्हणालो.

तिनं नखानं टाका उचलून पाहिला. तिच्या पिशवीत कात्री होती, मूठ बाहेर दिसत होती.

"तुमच्या वहिनींचा टाका पक्का," ती म्हणाली, आणि पुस्तक कात्रीशेजारी ठेवून तिनं पिशवी मिटली.