काळ्या डागांचा शेजार

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही माझं डोकं तापतं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी कर्जतला फौजदार होतो. खालापूरच्या बाजूच्या राखीव जंगलात कुणीतरी चोरून कोळसा पाडत होतं. ते थांबवायला गेलेल्या वनरक्षकाच्या डोक्यात मागून घाव बसला. माणूस वाचला, पण मारणारा त्यानं पाहिला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी खबर आपल्या पायांनी ठाण्यात आली. आणणारा होता एक लाकडाचा ठेकेदार.

"सायेब, ठाकरवाडीच्या म्हाताऱ्याला धरा. भट्ट्या त्याच्याच हायेत."

"तुम्ही पाहिल्यात?"

"छ्या! त्या जंगलात मी उभ्या जन्मात पाऊल टाकलं नाय."

फुकटची खबर आणि फुकटचं औषध, दोन्ही मी आधी हुंगून बघतो. त्याचा जबाब शब्दशः लिहून घेतला आणि सही घेतली.

वाडीवर गेलो. म्हाताऱ्याच्या घरात कोयता सापडला. पंचनामा करून तो मुद्देमालात जमा केला. पण त्या वाडीत कोयता नसलेलं एक घर दाखवा, मी मिशी उतरवतो! म्हातारा एकच धरून बसला होता, "मी नाय मारला. कोळसा आमी करतच नाय." सगळेच असं म्हणतात. मी त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही आणि त्याला ठाण्यात आणला.

तेवढ्यात जंगलाचे नकाशे करणारे एक तरुण अधिकारी आले. मागच्या उन्हाळ्यात विमानातून काढलेले मोठमोठे फोटो त्यांनी टेबलावर पसरले. वाडीभोवती जिथं काळा डाग, तिथं लाल पेन्सिलीचा गोल.

"जळलेली जमीन काळी दिसते. या सगळ्या भट्ट्या," ते ठामपणे म्हणाले.

हे कागद कोर्टात गेले की म्हातारा तुरुंगात आणि अख्खी वाडी जंगलाबाहेर. तशी कुजबुज वरच्या कचेरीत सुरूही झाली होती.

मी फोटो नीट पाहिला आणि कपाळावर हात मारला. माझं घर भातशेतीचं. "साहेब, तुमच्याकडे भात पिकतं?"

"नाही. आम्ही ज्वारीवाले."

"तरीच! अहो, हे राब आहेत. पावसाळ्याआधी भाताच्या रोपासाठी शेण, पाला, फांद्या पसरून जमीन भाजतो आम्ही. डाग चौकोनी आहे, कडेला बांध, शेजारी भाताची खाचरं. कोळशाची भट्टी कुणी बांधाला चिकटून लावतं का?"

माणूस हट्टी नव्हता, हे बरं. त्यांनी दोन भिंगांची चौकट काढली. तिच्याखाली जोडीचे फोटो ठेवले की सपाट कागदातून डोंगर उठून उभे राहतात. मग त्यांनी नुसता रंग सोडला. एकेका डागाचा आकार, त्याची कड, त्याचा शेजार असं बघत गेले आणि खाचरांलगतचे गोल खोडरबरानं पुसत गेले. शेवटी मोजकेच डाग उरले, गोल आणि वाडीच्या बरेच वर, दाट झाडीत.

"इथून ही फिकट पट्टी निघते. वाट आहे," ते म्हणाले. "पण वाडीकडे जात नाही, पलीकडे खोपोलीच्या रस्त्याला उतरते. ट्रक जाईल एवढी रुंद."

डोक्यावर मोळी वाहणाऱ्याला ट्रकची वाट कशाला लागते? ठेकेदारावरचा माझा संशय पक्का झाला, पण संशयावर कोर्ट चालत नाही.

ठेकेदाराला गोड बोलून बोलावलं. खोटं बोलणाऱ्याला अडवू नये, त्याला आपल्याला मदत करू द्यावी, हा माझा नियम.

"शेठ, एकच घोडं अडलंय. भट्टी विझवायला पाणी लागतं. ओढा तर खाली वाडीपाशी. म्हाताऱ्यानं एवढं पाणी वर नेलं कसं? वकील हेच विचारणार."

तो उत्साहानं फोटोवर वाकला. "त्यात काय सायेब! झरा हाय की हितं, या झाडांच्या बुडाशी. बारमाही."

"कुठं? मला नुसती झाडं दिसतात."

"फोटोत कसा दिसंल? झाडांखाली हाय तो."

फोटोवाल्या साहेबांनी भिंगावरून मान वर केली. मी जबाबाचा कागद काढला आणि त्याचंच वाक्य त्याला वाचून दाखवलं. गड्याचं तोंड असं उतरलं म्हणता! त्याच दिवशी त्यानं आम्हाला झऱ्यावर नेलं. मारणारा त्याचा ट्रक ड्रायव्हर निघाला. ज्या पहारीनं घाव घातला, ती भट्टीच्या राखेत पुरलेली होती.

काळं दिसलं की गुन्हा, हे गणित फार सोपं. डाग कशाला लागून आहे, त्याच्याकडे कुठली वाट येते, हे बघायला वेळ लागतो. माणसांबाबतही मी पुढे तेवढा वेळ द्यायला शिकलो.

म्हाताऱ्याला सोडलं, कोयता परत दिला. दारातून तो मागे फिरला. "सायेब, ते फोटु काढनारं इमान परत येनार हाय?"

"का रं बाबा?"

"राब भाजायचा हाय. भाजू का नको?"

"खुशाल भाज."

उन्हाळ्यात त्या बाजूला गेलो, तेव्हा खालच्या खोऱ्यात सगळीकडे राबांचा धूर होता. म्हाताऱ्याच्या खाचरात मात्र पाला नीट पसरलेला, पण न पेटवलेला. तो बांधावर बसून आभाळाकडे बघत होता. मी जीपमधून उतरलो आणि खिशातली काडेपेटी काढली.

"बाबा, वारा कुठला हाय बघ," मी म्हणालो. "आज मी पेटवतो."